श्रीहरी वाढईची पहिली बैठक

आंबेघाटहून समुद्र कोणत्याही बाजूने धरला तरी लांबच. मधे नद्या, जंगलं, कितीतरी जिल्हे. तरी त्या गावात, धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या एका टिनाच्या शेडमध्ये, समुद्रात जायची शिडाची होडी तयार होत होती. आणि ती घडवत होता श्रीहरी वाढई, ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला तो टीव्हीवरच.

गावाला हसायला एवढं पुरे होतं. चामोर्शीच्या बाजाराला निघालेला माणूस मुद्दाम गाडी वळवून शेडपाशी थांबायचा.

"का गा श्रीहरी, समुद्र कवा येऊन राह्यला आपल्या गावाले?"

"निघाला म्हंते तिकडून," रंध्यावरची नजर न काढता श्रीहरी म्हणायचा. "आला का पयले तुलेच सांगतो. पोहता येते ना तुले?"

विचारणारा हसत निघून जायचा, आणि लाकडाची सालपटं पुन्हा गोल गोल होऊन श्रीहरीच्या पायाशी पडायला लागायची.

श्रीहरीचा बाप बंड्या, म्हणजे बैलगाड्या, घडवायचा. सागाची धुरा, बाभळीचे आरे, आणि चाक असं की बैल दमले तरी ते कुरकुरत नसे. श्रीहरी त्याच्याच हाताखाली शिकला. पुढे गावात ट्रॅक्टर आले, बंडीच्या जागी लोखंडी ट्रॉली आली, आणि वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या, घरी दाराच्या चौकटी, पलंग, देव्हारे एवढंच काम उरलं. श्रीहरीने त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. आंबेघाटात असं घर नाही की ज्यातला देव त्याने घडवलेल्या देव्हाऱ्यात बसलेला नाही. "माह्यं काम रोज सकाळी हात जोडून पाहतेत लोकं," तो म्हणायचा, "याच्याहून जास्त काय पायजे?" दोन्ही मुली चांगल्या घरी पडल्या होत्या, घरी भात पिकत होता, आणि सोमवारी मार्कंड्याच्या महादेवाला जाऊन यायला गुडघे अजून साथ देत होते. माणूस तृप्त होता.

बापाकडून त्याला हत्यारं मिळाली, तसा एक रिवाजही मिळाला होता. बंडी तयार झाली की तिच्यात पहिल्यांदा बसायचं ते घडवणाऱ्याने. एकट्याने. मालकाने बैलांचा कासरा धरून, स्वतः पायी चालत, बंडी मारोतीच्या देवळाला फिरवून आणायची आणि मग वाढयाला शेला-नारळ द्यायचा. त्याआधी मालकाच्या घरचं लेकरूही तिच्यात बसायचं नाही. कामात काही उणं राहिलं असेल, तर ते आधी घडवणाऱ्याच्या अंगावर यावं, असा त्यातला भाव. बाप म्हणायचा, "बसला नाईस त काम तुहं नोहे. मंग ते नुसतं लाकूड."

वरोऱ्याचे राजदीपसाहेब भेटले ते वनखात्याच्या लाकूड डेपोत, सागाच्या लिलावाच्या दिवशी. उभा जन्म मोठ्या मालवाहू जहाजांच्या इंजिनाशी घालवून हा माणूस निवृत्त झाला होता. बायकोच्या मागे घर खायला उठलं होतं, आणि मनात एकच इच्छा उरली होती: इंजिनाच्या गोंगाटाविना, वाऱ्यावर चालणारी आपली स्वतःची होडी. श्रीहरी ओंडक्यांवर बोटाच्या पेरांनी टकटक करून कान लावत होता, ते साहेब बराच वेळ बघत राहिले आणि जवळ आले.

"होडी घडवाल का?"

"समुद्रातली? त ते तिकडे मुंबई-गोव्याकडे करतेत ना जी."

"साग इथला. सागाला ओळखणारा माणूस इथला," राजदीपसाहेब म्हणाले. "समुद्र काही पळून जात नाही. होडी झाली की ट्रकवर घालून नेऊ."

श्रीहरीला बोलणं आवडलं. पण त्याने आधीच सांगून टाकलं, "घडवीन. पन पान्यावर पाय ठेवनार नाई. शपथ आहे."

शपथ बायकोची, आशाबाईची होती. तिचं माहेर वैनगंगेच्या पलीकडे. पूल व्हायच्या आधीची गोष्ट. राखीच्या दिवशी तिचा भाऊ कोलू नावेत बसून येत होता. सणाचा दिवस, जो तो बहिणीकडे निघालेला, नावाड्यालाही नाही म्हणवेना. आशाबाई घाटावर उभी राहून बघत होती. नावेचा काठ आणि पाणी यांत चार बोटांचंही अंतर नव्हतं. घाट हाकेवर आला तशी माणसं उतरायच्या घाईने उभी राहिली, आणि नाव बसल्या जागी कलंडली. महादेवाने खैर केली, घाटावरच्यांनी सगळ्यांना ओढून काढलं. कोलूही बाहेर आला, बहिणीसाठी आणलेल्या साडीची पिशवी हातातून न सोडता. आजही सगळे त्यावर हसतात. पण त्या संध्याकाळी आशाबाईने नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून वदवून घेतलं, "माह्या हयातीत पान्यावर पाय ठेवायचा नाई." स्वतःही ती त्यानंतर कधी नावेत चढली नाही.

त्यावर श्रीहरीने आपल्यापुरता तोडगा काढला होता. घडवणं जमिनीवरच होतं. शपथेत ते बसत नव्हतं.

साहेबांनी होडीचा नकाशा आणला तो शेडमधल्या खाटेवर पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. श्रीहरी उकिडवा बसून पाहत राहिला. दोन्ही टोकं निमुळती, आपल्याकडच्या डोंग्यासारखी, तेवढं ओळखीचं. बाकी सगळंच वेगळं. नदीतली नाव खालून चपटी असते, रेतीवरून सरकली पाहिजे म्हणून. हिला पोट होतं, तांब्यासारखं गोल, आणि पोटाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब, खोल कणा. कण्याच्या मागच्या टोकाला सुकाणू बिजागऱ्यांवर टांगलेलं.

"हे त दार होय," श्रीहरी खुश होऊन म्हणाला. "हे जमते आपल्याले. पन साहेब, एवढं लाकूड काऊन? फळ्या एवढ्या जाड, फासळ्या एवढ्या जवळ. अर्ध्यात होईन."

"होईल. पण ती होडी दुसरी होईल," साहेब म्हणाले. "थंड देशांत तुफानात अडकलेल्या कोळ्यांना आणायला जायच्या होड्या असायच्या, त्यांचा हा घाट आहे. हलकी होडी लाटेच्या डोक्यावर चढते आणि धपकन आपटते. आतल्या माणसाची हाडं खिळखिळी. ही लाट फोडत जाते, सावकाश. आत बसून चहा पिता येतो."

"आन पयते कशी?"

"पळत नाहीच. शर्यत लावली तर शेवटून पहिली. लवकर वळत नाही, मागे तर सरळ येतच नाही. चालायला लागायला वेळ घेते, थांबायला त्याहून जास्त. पण एकदा वाट धरली की सुकाणू सोडलं तरी वाट सोडत नाही."

श्रीहरी मांडीवर थाप मारून हसला. "म्हंजे आमच्या घरची आशा!"

हे बोलणं संध्याकाळपर्यंत आशाबाईच्या कानावर गेलंच. ती अंगाने भारी, चालीने सावकाश, आणि एकदा बोललेला शब्द मागे घ्यायची सवय नसलेली. भाकरी थापता थापता म्हणाली, "मी होडी काय? बरं. मंग शर्यतीतल्या होडीच्या घरी जा ना जेवाले."

होडीला तीन हिवाळे लागले. बंडी घडवणाऱ्या हाताला कण्याचा सांधा नवा होता. पण फळी वाफवून वाकवायची, तिला जोर लावायचा नाही, वाट बघायची, हे त्याला लवकर कळलं. फळ्यांच्या फटींत भरायला वरोऱ्याचा कापूस आला. राजदीपसाहेब स्वतः तो पिळून वाती करायचे आणि श्रीहरी पटाशीने ठोकून बसवायचा. "समईला लागतेत तशा वाती करून राह्यले तुमी," तो म्हणायचा. साहेब बौद्ध, ते पूजाअर्चा करत नसत. पण कणा बसवला त्या दिवशी श्रीहरीने हळद-कुंकू लावलं तेव्हा टोपी काढून बाजूला उभे राहिले. "तुमचं मन लागलं पाहिजे, काम चांगलं होतं," एवढंच म्हणाले. त्यांना पहिल्या बैठकीचा रिवाज श्रीहरीनेच एकदा सांगितला होता, आणि सांगून झाल्यावर होडीच्या फळीवरून नुसता हात फिरवत राहिला होता.

ते हात फिरवणं साहेबांनी लक्षात ठेवलं असावं. पौषात होडी शेडबाहेर काढली, क्रेनने गावच्या धरणात सोडली. लाकूड पाणी पिऊन फुगावं, फटी मिटाव्या, म्हणून ती तिथेच काही दिवस राहणार होती. मग ट्रक येणार आणि ती किनाऱ्याकडे जाणार ती कायमची. त्या दिवशी साहेब म्हणाले, "श्रीहरीभाऊ, पहिली बैठक इथंच, या धरणात. तुम्ही बसल्याशिवाय मी तिच्यात बसत नाही."

"शपथ आहे जी."

"ज्यांनी घातली त्यांना विचारा."

श्रीहरीने जेवताना विचारलं. म्हणजे विचारलं असं नाही, भात कालवत म्हणाला, "बुधवारी जाऊन राह्यली होडी." मग थोड्या वेळाने, "बसलो नाई त माह्यं काम म्हनता येनार नाई." आशाबाईने वरण वाढलं. तिला नवऱ्याचं मन कळत नव्हतं असं थोडंच? तीन हिवाळे हा माणूस झोपेतही बोटांनी फळ्या मोजत होता.

"सोमवारी देवाले जाऊन येईन," ती शेवटी म्हणाली. "मंग धरनावर येईन. डोयांनी पाहीन, आन मंग सांगीन. सुटन त सुटन. नाई त नाई. मनधरनी करायची नाई."

श्रीहरीने मान डोलावली. पण त्याचा घास तिथेच थांबला. ती काय पाहणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काठ आणि पाणी यांतलं अंतर. आणि ही होडी तर पाण्यात खोल बसली होती.

खोल बसली होती ती बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, विटांमुळे. होडी पाण्यात सोडल्यावर साहेबांनी तिच्या पोटात, पायाखालच्या फळ्या उचलून, कण्याच्या वर ओतीव बिडाच्या विटा रचल्या होत्या, अतुलच्या ट्रॉलीत भरून आणलेल्या. अतुल म्हणजे श्रीहरीच्या बहिणीचा मुलगा. दोन पोरांचा बाप, ट्रॅक्टरचा मालक आणि बोलण्यात फटकळ. त्याने तेव्हाच विचारलं होतं, "साहेब, गाडीत माल भरते ते समजते. होडीत बीड भरून कोनाले विकायचं?" साहेब हसले, पण क्रेनवाला घाईत होता, तो विषय राहून गेला. श्रीहरीनेही विचारलं नाही. नदीकाठच्या माणसाला एक गोष्ट विचारावी लागत नाही. नावेत वजन जास्त झालं की नाव बुडते.

रविवारी साहेब वरोऱ्याचं घर रिकामं करून किल्ली द्यायला गेले. श्रीहरी धरणाच्या दगडी धक्क्यावर बसून होडीकडे बघत होता. धान वाहून नेणाऱ्या बंडीसारखी ती खाली दबलेली. त्याला आशाबाईचा चेहरा दिसायला लागला. त्याने अतुलला फोन लावला.

"साहेबांले विचारलं काय, मामा?" अतुलने येता येता विचारलं.

"मंगळवारी पुन्हा भरून देऊ. तुह्या मामीची एक नजर जाऊ दे फक्त."

"मामीची नजर म्हंजे आरटीओ," अतुल म्हणाला आणि विटा उचलायला लागला. शपथ मोडायला नको म्हणून श्रीहरी धक्क्यावरच उभा राहिला. अतुल आत उतरून एकेक वीट काढून वर द्यायचा. दुपार होईतो निम्म्याहून जास्त पोट रिकामं झालं. होडी वर आली. काठ चांगला हातभर उंच झाला, तळाला लावलेला लाल रंगाचा पट्टा पाण्याबाहेर दिसायला लागला. श्रीहरीला ती कशी हलकी, हसरी वाटली. विटांवर त्याने ताडपत्री टाकली आणि समाधानाने घरी गेला. नवरा बायकोसाठी एवढी मेहनत घेतो, तेव्हा बायकोला विचारायचं तेवढं विसरतो.

सोमवारी आशाबाई मार्कंड्याहून परतली ती कपाळाला भस्म, हातात नारळाची पिशवी. ऑटोने धरणाशी उतरून धापा टाकत धक्क्यावर आली. राजदीपसाहेब वरोऱ्याहून नुकतेच पोहोचले होते, गाडी लावत होते. आशाबाईला बसायला हवं होतं. ताडपत्रीचा ढीग दिसला, त्यावर बसली.

"काय वो टोचून राह्यलं हे?"

"काई नाई, दगड आहेत," श्रीहरी चटकन म्हणाला. अतुलने खोकला आल्यासारखं करून तोंड फिरवलं.

आशाबाईने होडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काठ उंच होता. दोन्ही टोकं वर उचललेली, सागाचा रंग उन्हात मधासारखा. तिच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली, आणि श्रीहरीचा जीव भांड्यात पडला.

"दिसते त चांगली," ती म्हणाली. "पाय ठेवून पाह्यतो."

"तू?" श्रीहरी दचकला.

"मी नाई त कोन? तुमाले शपथ आहे."

तिने नारळ अतुलच्या हाती दिला, लुगड्याचा काठ सावरला, गाडी लावून आलेल्या साहेबांचा हात धरला आणि उजवा पाय होडीच्या काठावर टेकवला. होडी तिच्या बाजूला कलली. थोडीथोडकी नाही, डोलकाठी धक्क्याकडे झुकली, दोर कुरकुरले, आणि परत जाताना होडी दुसऱ्या अंगालाही तेवढीच गेली. आशाबाईने पाय विस्तवावरून घ्यावा तसा मागे घेतला.

"हे त कोलूचीच नाव होय!" तिचा आवाज चिरका झाला. "नाई सुटत शपथ. चला घरी."

राजदीपसाहेब मात्र आशाबाईकडे नाही, होडीकडे बघत होते. त्यांची नजर पाण्याबाहेर आलेल्या लाल पट्ट्यावर खिळली होती.

"ही अशी डोलायला नको," ते हळूच म्हणाले. "पट्टा वर कसा आला?"

आशाबाईने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला तो चेहरा वाचायला चष्मा लागत नव्हता. मग तिने वळून ताडपत्रीचं टोक उचललं.

"दगड काय?"

"बीड," अतुलने सांगून टाकलं. "होडीच्या पोटातलं. मामा म्हने, मामीले काठ उंच दिसला पायजे."

श्रीहरी खाली मान घालून उभा. "तू काठ पाहशीन म्हनून," तो पुटपुटला. "वजनानं बुडते ना नाव. म्हटलं, तुले भेव वाटन."

साहेब आता रागावतील, असं सगळ्यांनाच वाटलं. साहेबांनी कपाळाला हात लावला, आणि मग त्यांना हसू आवरेना. "श्रीहरीभाऊ, चूक माझी. तीन वर्षं होडी समजावून सांगितली आणि तिचा जीव कशात आहे तेच सांगायचं राहिलं. ते बीड ओझं नाही. त्यानंच ती उभी राहते."

"वजनानं?" आशाबाईने विचारलं. तिला हसू येत नव्हतं. "माह्या डोयांदेखत वजनानं पलटली होती नाव."

"तेव्हा वजन कुठं होतं, बाई?"

आशाबाईच्या डोळ्यांसमोर ते माणसांनी गच्च भरलेलं, घाटाकडे सरकणारं लाकूड आलं. तिने इतक्या वर्षांत ते कितीदा तरी पाहिलं होतं, पण प्रत्येक वेळी काठच पाहिला होता. आता तिने माणसं पाहिली.

"वर होतं," ती सावकाश म्हणाली. "बसून होते तवरक चालली नाव. उतरायले उभे झाले, आन गेली." मग तिने विचारलं, "आन हे?"

"हे सगळं खाली. पायाखालीसुद्धा नाही, त्याच्याही खाली, कण्यावर. वाऱ्यानं होडी कलली की ते तिला खाली ओढून सरळ करतं."

"मंग काढलं काऊन, येड्यावानी?" ती नवऱ्यावर डाफरली, पण आवाजातली धार गेली होती. "भरा पुन्हा. मी इथीच बसून राह्यतो. माह्यासमोर भरा."

ती बसून मात्र राहिली नाही. अतुल आत उतरला, साहेब होडीच्या काठावर, श्रीहरी धक्क्यावर, आणि ढिगापाशी आशाबाई. वीट उचलून ती श्रीहरीच्या हातात द्यायची, आणि प्रत्येक विटेला "नमः शिवाय" म्हणायची. श्रीहरीही तेच म्हणायचा. साहेब नुसतेच मान लववून वीट घ्यायचे. पोटातून अतुल ओरडला, "मामी, देवाचं नाव जरा हळू घे, मले इथी रचायले वेळ लागते!"

"तूच हात चालव. सासरी जेवाले बसते तवा कसा चालते?"

अर्ध्या विटा गेल्यावर ती थांबली ते दम लागला म्हणून नाही. ती होडीकडे बघत होती. विटा आत जात होत्या तशी होडी खाली बसत होती, आणि जसजशी बसत होती तसतशी तिची ती अस्वस्थ चुळबुळ कमी होत होती. आधी साहेबांनी एका काठावरून दुसरीकडे पाऊल टाकलं की ती हलायची. आता साहेब चालत होते आणि डोलकाठीचं टोक आभाळात जिथल्या तिथे होतं. लाल पट्टा पाण्याखाली गेला. शेवटची वीट आशाबाईने स्वतः साहेबांच्या हातात दिली, हात पुसले, आणि कोणाला न विचारता पुन्हा काठावर पाय ठेवला. सगळा भार टाकला. होडीने तेवढ्यापुरता श्वास घेतल्यासारखं केलं आणि उभी राहिली.

"मी चढली तरी हालली नाई," आशाबाई म्हणाली. तिला ते फारच आवडलेलं दिसलं. "घरातला पलंग करकरते माह्या भारानं. कोनं घडवला तो?"

"मीच," श्रीहरी म्हणाला.

"मंग हे जास्त मन लावून केलं म्हनायचं."

ती मागे फिरली. श्रीहरीला समोर उभं केलं, आणि राखीच्या त्या संध्याकाळी ठेवला होता तसा उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. धरणावरच्या वाऱ्यात तिचा पदर फडफडत होता. "महादेवाच्या साक्षीनं घातली होती," ती म्हणाली, "त्याच्याच साक्षीनं सोडतो. सुटली तुमची शपथ. बसा जाऊन."

श्रीहरीने चपला धक्क्यावर काढून ठेवल्या. अनवाणी, धोतराचा सोगा हातात धरून, तो काठ ओलांडून होडीत उतरला. साहेब आणि अतुल बाहेर आले. घडवणाऱ्याने एकट्याने बसायचं. मालकाने पायी चालायचं. इथे बैल नव्हते, कासरा नव्हता. राजदीपसाहेबांनी होडीचा पुढचा दोर खांद्यावर घेतला आणि धक्क्यावरून चालायला लागले. आधी काहीच झालं नाही. साहेब दोरावर वाकून ओढत होते आणि होडी जागची हलेना. मग कधी हलली ते कोणाला कळलंच नाही. धक्क्याचे दगड मागे सरकायला लागले. शिडाविना, आवाजाविना, ती भारी होडी एका माणसाच्या ओढीने चालली.

श्रीहरी मधोमध बसला होता. त्याचे दोन्ही तळवे बाजूच्या फळ्यांवर टेकलेले. कुठल्या फळीला गाठ कुठे आहे, कुठे पटाशी घसरली होती, सगळं त्याला पाठ होतं. तो कान देऊन ऐकत होता: कुठे पाणी झिरपतं का, कुठला सांधा बोलतो का. काही बोलत नव्हतं. पाणी फळीच्या बाहेरून चुळूकचुळूक करत होतं आणि आतली लाकडं गप्प होती. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणता येणार नाही. देव्हारा घडवून झाल्यावर देव आत बसवतात, तेव्हा तो असाच दिसायचा.

धक्का संपला. साहेब थांबले, होडी थांबेना. "धरा, धरा!" करत अतुल धावला आणि दोघांनी मिळून दोर खुंट्याला गुंडाळला. साहेबांनी धापा टाकत गाडीतून नवा शेला काढला, आशाबाईच्या पिशवीतला नारळ घेतला आणि वाकून श्रीहरीच्या हातात दिला.

"झालं आता तुमचं," श्रीहरी त्यांना म्हणाला. "आता या, साहेब. आपल्या होडीत बसा."

"आन मी काय, चपला राखू?" धक्क्यावरून आशाबाईने विचारलं.

ती चढली. साहेबांनी शिडं वर ओढली. अतुल धक्क्यावरून फोनमध्ये व्हिडिओ काढत राहिला. थंडीतला वारा धरणावरून आडवा येत होता. होडी कलायला लागली तेव्हा आशाबाईने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं आणि ओठातल्या ओठात जप सुरू केला. होडी थोडी कलली, आणखी थोडी, आणि तिथे थांबली, जशी भिंतीला टेकली. तशीच कललेली, निवांत, ती पाणी कापत निघाली. धक्का लहान होत गेला. पळस, मोहाची झाडं, धानाची रिकामी बांधी, सगळं सावकाश मागे जात राहिलं. साहेबांनी सुकाणूवरचा हात उचलून दाखवला. होडी सरळ चालत होती.

"पाह्य," श्रीहरी हलक्या आवाजात सांगायला लागला, "ते सुकाणू आहे ना, त्याच्या बिजागऱ्या चंद्रपुरातून आनल्या. आन तुह्या पाठीमागची फळी, ते आलापल्लीच्या सागाची. ते वाकवाले दोन दिवस..."

मनगटावरची पकड सैल झाली होती. पहाटेपासून उपाशी, देवाचं दर्शन, मग सगळ्या त्या विटा. आशाबाई सागाच्या फळीला डोकं टेकून झोपली होती. तोंड थोडं उघडं, भस्म कपाळावरून भुवईवर उतरलेलं, आणि बारीक घोरण्याचा आवाज.

साहेबांनी विचारलं, "वळू का मागे?"

श्रीहरीने नवा शेला उलगडून तिच्या अंगावर टाकला.

"राहू द्या जी," तो म्हणाला. "चालू द्या अशीच थोडी."